पंचवीस जणांचा हिशेब

जुलै १९९८ ते डिसेंबर २००० या अडीच वर्षांत सिएटल मरिनर्स या बेसबॉल संघाच्या हातून तीन माणसं गेली. पहिला रँडी जॉन्सन, सहा फूट दहा इंचांचा डावखुरा पिचर. त्याच्यासमोर उभं राहायचं नको म्हणून भलेभले डावखुरे बॅटर त्या दिवशी विश्रांती मागत. दुसरा केन ग्रिफी ज्युनियर, ज्याच्यासारखी उलटी टोपी घालून अमेरिकेतली एक पिढी गल्लीत खेळली. तिसरा अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ, पंचविशीतला शॉर्टस्टॉप, पुढची पंधरा वर्षं गाजवणार असं जो तो म्हणत असलेला. असे तीन खेळाडू गेल्यावर संघ तळाला जातो आणि बराच काळ तिथेच राहतो. मरिनर्सनी २००१च्या हंगामात १६२पैकी ११६ सामने जिंकले. १९०६च्या शिकागो कब्जनंतर एवढे विजय कुणालाही मिळाले नव्हते आणि आजवर कुणी हा आकडा ओलांडलेला नाही.

हे घडलं ते मैदानावर, हे खरंच. पण त्याची मांडणी झाली हिवाळ्यात, जेव्हा मैदानं बंद असतात आणि जनरल मॅनेजर नावाच्या माणसाचा फोन बंद नसतो.

अमेरिकन बेसबॉलचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. उरलेले महिने माणसं जमवण्याचे. मैदानात उतरवायची यादी तेव्हा पंचवीस जणांची होती, आता सव्वीस जणांची आहे. तिच्याभोवती चाळीस जणांची आणखी एक यादी असते, आणि खरी डोकेदुखी तिची. छोट्या संघांत तयार होत असलेल्या पोरांपैकी कुणाला या चाळिसात घ्यायचं हे नोव्हेंबरात ठरवावं लागतं. ठरावीक वर्षं झालेला पोरगा बाहेर राहिला, तर डिसेंबरात दुसरा संघ त्याला किरकोळ रकमेत उचलून नेऊ शकतो. अट एवढीच, की नेणाऱ्याने त्याला पुढचा अख्खा हंगाम मुख्य संघात ठेवायचं. १९९९च्या डिसेंबरात ह्यूस्टनने असाच एक व्हेनेझुएलाचा डावखुरा पिचर उघड्यावर ठेवला. तो फिरत फिरत मिनेसोटाकडे गेला आणि पुढे दोनदा लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरला. त्याचं नाव योहान सँटाना. ह्यूस्टनच्या त्या वेळच्या चाळिसातली सगळी नावं आज कुणाला आठवत असतील असं वाटत नाही.

चाळिसात आल्यावर वर्षांची मोजणी महत्त्वाची ठरते. मुख्य संघातली साधारण पहिली तीन वर्षं क्लब देईल तो पगार. पुढची तीन वर्षं पगारावर भांडता येतं, आणि मिटलं नाही तर प्रकरण लवादापुढे जातं. या लवादाची गंमत अशी, की त्याला मधला आकडा काढायची मुभा नाही. खेळाडूने मागितलेला तरी द्यायचा नाहीतर क्लबने देऊ केलेला. त्यामुळे दोन्ही बाजू अवास्तव आकडा टाकायला कचरतात आणि बहुतेक प्रकरणं दारातच मिटतात. सहा वर्षं पुरी झाली की खेळाडू मोकळा. हा मोकळेपणा खेळाडूंना फुकट मिळालेला नाही. १९७५च्या डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला, तोपर्यंत क्लब खेळाडूला वर्षानुवर्षं बांधून ठेवू शकत असे. आणखी एक. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या पर्सला मर्यादा असते, तशी मर्यादा बेसबॉलमध्ये नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने किती ओतायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं.

म्हणजे प्रत्येक चांगल्या खेळाडूच्या पाठीवर एक मुदत लिहिलेली असते. ती संपायच्या आत क्लबपुढे तीन वाटा: मोठा करार करा, विकून बदल्यात माणसं घ्या, नाहीतर मुदत संपेपर्यंत खेळवा आणि जाऊ द्या. सिएटलने यातल्या दोन वाटा अडीच वर्षांत चालून पाहिल्या.

जॉन्सनची मुदत १९९८च्या अखेरीस संपत होती. ३१ जुलैला, अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, तो ह्यूस्टनला गेला. बदल्यात तीन पोरं आली: पिचर फ्रेडी गार्सिया, पिचर जॉन हलामा आणि इनफिल्डर कार्लोस गिएन. सिएटलकर चिडले. तीन अनोळखी नावांसाठी जॉन्सन? ग्रिफीची गोष्ट अधिक अवघड होती. दहा वर्षं लीगमध्ये आणि सलग पाच वर्षं एकाच क्लबात काढलेल्या खेळाडूला स्वतःची विक्री नाकारण्याचा हक्क असतो. ग्रिफीने तो वापरला आणि शेवटी, आपण जाणार तर सिनसिनाटीलाच, असं सांगितलं. गिऱ्हाईक एकच आहे हे समोरच्याला कळल्यावर विकणाऱ्याची काय अवस्था होते हे सांगायला नको. जनरल मॅनेजर पॅट गिलिक यांना ही खुर्ची मिळून जेमतेम काही महिने झाले होते. टोराँटोला १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून देणारा हा माणूस. फेब्रुवारी २०००मध्ये त्यांनी ग्रिफीच्या बदल्यात चार जण घेतले. त्यांतला कामाचा एकच, सेंटर फिल्डर माइक कॅमेरन. पण तो फारच कामाचा निघाला.

रॉड्रिगेझच्या बाबतीत मात्र क्लबने तिसरी वाट धरली. २००० हे त्याचं शेवटचं वर्ष, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विकला असता तर तीन-चार चांगली पोरं पदरात पडली असती. विकला नाही, कारण संघ जिंकत होता. त्या वर्षी मरिनर्सनी ९१ सामने जिंकले, शिकागो व्हाइट सॉक्सला सलग तीन सामन्यांत घरी पाठवलं आणि अंतिम लढतीच्या, म्हणजे वर्ल्ड सिरीजच्या, दारात न्यूयॉर्क यँकीजकडून ४-२ असे हरले. रॉड्रिगेझचे ४१ होमरन. मला हा निर्णय बरोबर वाटतो, आणि तो पुढे काय झालं ते माहीत आहे म्हणून नव्हे. संघ जिंकत असताना त्यातला सर्वोत्तम माणूस विकणं हा शहाणपणा फक्त कागदावर शोभतो.

डिसेंबरात डॅलसला बेसबॉलवाल्यांचा वार्षिक मेळावा भरला. टेक्सस रेंजर्सचे मालक टॉम हिक्स यांनी रॉड्रिगेझला दहा वर्षांसाठी २५ कोटी २० लाख डॉलर कबूल केले. त्याआधीचा अमेरिकन खेळांतला सर्वांत मोठा करार बास्केटबॉलच्या केव्हिन गार्नेटचा. हा बरोबर त्याच्या दुप्पट. एजंट स्कॉट बोरास यांना असा योगायोग आवडत असणार. हिक्स यांनी दोन वर्षांपूर्वी अख्खा रेंजर्स संघ घेतला होता तो २५ कोटींनाच. मरिनर्सची तयारी पुष्कळ कमी वर्षांच्या कराराची होती. रॉड्रिगेझ गेला आणि बदल्यात सिएटलला नियमाप्रमाणे पुढच्या ड्राफ्टमध्ये नवख्या पोरांची निवड करण्याचे जादा क्रमांक मिळाले. त्यांतून कुणी लागलाच तर चार-पाच वर्षांनी लागणार.

आता इथे थांबून पॅसिफिकच्या पलीकडे, जपानमधल्या कोबेला जावं लागतं. तिथल्या ऑरिक्स ब्लूवेव्ह या क्लबासमोर त्याच हिवाळ्यात हाच पेच होता. इचिरो सुझुकी हा त्यांचा उजवा फिल्डर. १९९४ ते २००० सलग सात वर्षं लीगमधली सर्वोत्तम सरासरी त्याची. आणखी एक हंगाम झाला की तो मोकळा होणार आणि ऑरिक्सच्या हाती काहीही लागणार नाही. ऑरिक्सने विकायचं ठरवलं. १९९८पासून यासाठी एक पद्धत होती. अमेरिकन क्लबांनी बंद पाकिटात बोली पाठवायची, सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला खेळाडूशी तीस दिवस एकट्याने बोलणी करता यायची, आणि जमलं नाही तर पैसे परत. दुसऱ्याने किती टाकले हे कुणालाच दिसत नसल्यामुळे प्रत्येकाने आपल्या गरजेचा खरा आकडा लिहायचा. सिएटलच्या पाकिटात निघाले १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलर. त्यानंतर इचिरोशी तीन वर्षांचा करार झाला, सुमारे १ कोटी ४० लाखांचा. दोन्ही मिळून तीन वर्षांचा खर्च रॉड्रिगेझच्या एका वर्षाच्या सरासरी पगाराहून थोडा जास्त.

सिएटलच हे का करू शकलं याला कारणं आहेत. संघात सर्वांत मोठा हिस्सा निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांचा. मायक्रोसॉफ्टमधल्या ख्रिस लार्सन यांचाही वाटा होता. आज सिएटलजवळच्या रेडमंड-बेलव्ह्यूच्या मराठी घरांतून ज्या क्लबाच्या टोप्या दिसतात त्याच्या मालकीत तिथल्या कंपनीचा पैसा असा मिसळलेला होता. पण मालक जपानी म्हणून इचिरो आला, असं म्हणणं सोपं आहे आणि अपुरंही. क्लबाचा पॅसिफिककडचा शोध घेणारा अधिकारी जिम कोलबॉर्न हा पूर्वी ऑरिक्सचाच पिचिंग कोच होता. १९९९च्या वसंतात इचिरो मरिनर्सच्या अ‍ॅरिझोनातल्या शिबिरात पाहुणा म्हणून सराव करून गेला होता. बाकीचे क्लब त्याच्या चित्रफिती पाहत होते, सिएटलने माणूस पाहिला होता.

शंका तरीही होत्याच. जपानमधून तोवर अमेरिकेत टिकले ते पिचर. रोज बॅट हातात घेणारा जपानी तिथे कुणी खेळलेला नव्हता. वसंतातल्या सराव सामन्यांत इचिरो एकामागून एक चेंडू डावीकडे ढकलत राहिला, तेव्हा मैदानावर संघ चालवणारे मॅनेजर लू पिनिएला अस्वस्थ झाले. वेगवान पिचिंगसमोर याची बॅट उशिरा येते की काय? उजवीकडे जोरात मारून दाखव, असं त्यांनी सुचवलं. इचिरोने चेंडू उजवीकडच्या कुंपणापलीकडे पाठवला आणि परत येऊन, आता समाधान झालं का, असं विचारलं. पिनिएला यांनी पुन्हा विषय काढला नाही. अंगावर त्याने ५१ क्रमांक घेतला होता, जॉन्सनचा. या क्रमांकाला कमीपणा आणणार नाही, असं त्याने जॉन्सनला लिहून कळवलं होतं.

इचिरोचं नाव सगळ्यांच्या तोंडी असताना गिलिक यांनी केलेली दुसरी खरेदी कुणी फारशी मनावर घेतली नाही. सेकंड बेसवरचा ब्रेट बून हा मूळचा मरिनर्सचाच. आजोबा, वडील, भाऊ सगळे मोठ्या लीगमध्ये खेळलेले. १९९३नंतर क्लबने त्याला सिनसिनाटीला दिलं, तिथून अटलांटा, मग सॅन डिएगो. गुडघा दुखावल्यामुळे त्याचा २०००चा हंगाम अर्धवट राहिला. अशा माणसाला लांबचा करार कोण देणार? गिलिक यांनी एका वर्षासाठी साडेबत्तीस लाख डॉलर दिले. तिसरा घेतला तो यँकीजकडचा जेफ नेल्सन, शेवटच्या डावांत येऊन खिंड लढवणारा पिचर. आणि एक माणूस जाऊ दिला: रिकी हेंडरसन, बेस चोरण्याचा बादशहा, पण एक्केचाळीस वर्षांचा. सुरुवातीला खेळायला येण्याचं त्याचं काम इचिरोकडे गेलं.

यात रॉड्रिगेझच्या जागी कोण आलं? त्या जागेवर गिएन उभा राहिला, जॉन्सनच्या बदल्यात आलेला. त्याने वर्षभरात मारलेले होमरन पाच. एक्केचाळिसांवरून पाच. जागेला जागा लावून पाहणाऱ्याला हा हिवाळा दिवाळखोरीचा वाटला असता, आणि सिएटलमध्ये तसं वाटणारे पुष्कळ होते. पण गिलिक जागेला जागा लावतच नव्हते. शॉर्टस्टॉपवर जे गमावलं ते त्यांनी सेकंड बेस, उजवं फिल्ड आणि शेवटचे डाव अशा तीन ठिकाणी वाटून भरून काढायला घेतलं. ज्या जागा आधी कमजोर होत्या तिथे बरा माणूसही जास्त फायदा देतो. रॉड्रिगेझसारखा खेळाडू हाताशी सहज मिळणाऱ्या बदली माणसापेक्षा वर्षाला नऊ-दहा विजय जास्त देतो असं आजची गणितं सांगतात. नऊ-दहा विजय देणारा दुसरा माणूस बाजारात नसतो. तीन-तीन देणारे असतात, फक्त ते तीन वेगवेगळ्या दुकानांतून आणावे लागतात.

पुढचं लोकांना माहीत आहे. इचिरोची सरासरी ३५०, म्हणजे शंभर वेळा उभा राहिला तर पस्तीस हिट. एकूण २४२ हिट, ५६ बेस चोरले, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा व सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही मान. असा दुहेरी मान त्याआधी फक्त फ्रेड लिनला, १९७५मध्ये मिळाला होता. बूनने ३७ होमरन मारले आणि १४१ धावा घरी आणल्या, लीगमध्ये सर्वांत जास्त. साडेबत्तीस लाखांत! हे गिलिक यांना अपेक्षित होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. त्यांना बरा सेकंड बेसमन हवा होता. १४१ ही लॉटरी.

आता दोन ओळी आकडे, कारण या हिवाळ्याबद्दल बोलताना बहुतेक जण ते सोडून देतात. २०००मध्ये मरिनर्सनी ९०७ धावा काढल्या होत्या, २००१मध्ये ९२७. वाढल्या फक्त वीस. इचिरो, बून, सगळं धरून वीस. आणि दिलेल्या धावा? ७८०वरून ६२७. दीडशेहून जास्त धावा वाचल्या. ११६ विजयांचं रहस्य बॅटमध्ये कमी आणि चेंडू अडवण्यात जास्त होतं.

त्याची मुळं मैदानात आहेत. ग्रिफी आणि रॉड्रिगेझ वाढले ते किंगडोममध्ये. छताखालचं, बॅटरांचं लाडकं मैदान. जुलै १९९९मध्ये क्लब सेफको फिल्डवर आला. इथे समुद्राची जड हवा, मोठं मैदान, आणि किंगडोममध्ये कुंपणापलीकडे गेले असते असे चेंडू इथे फिल्डरच्या हातात. अशा जागी होमरनवर पैसे ओतण्यापेक्षा धावणारे, अडवणारे आणि अचूक फेकणारे घेणं शहाणपणाचं. कॅमेरन मध्ये आणि इचिरो उजवीकडे अशी जोडी त्या मैदानासाठीच शिवून घेतल्यासारखी होती. ११ एप्रिल २००१ला ओकलंडमध्ये टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर होता. उजवीकडे हिट गेला. अशा वेळी पहिल्यावरचा धावपटू तिसऱ्या बेसपर्यंत निवांत पोचतो, हे गल्लीतल्या पोरालाही माहीत असतं. लाँग निघाला. इचिरोने पळत येऊन चेंडू उचलला आणि सरळ रेषेत, जमिनीला न लागता, तिसऱ्या बेसवर आणून दिला. लाँग बाद. त्यानंतर धावपटू त्याच्या हाताकडे बघून पाऊल टाकायला लागले. अशा न घेतलेल्या धावा कुठल्याच धावफलकावर चढत नाहीत.

नशिबाचा भागही मोजायला हवा. गार्सियाचा पाय २०००मध्ये मोडला होता. २००१ला तो पूर्ण हंगाम खेळला आणि अमेरिकन लीगमध्ये सरासरीने सर्वांत कमी धावा देणारा ठरला. अडतीस वर्षांच्या जेमी मॉयरने वीस सामने जिंकले. आर्थर ऱ्होड्सने शेवटच्या डावांत येऊन आठ जिंकले, एकही हरला नाही. शेवटी काझुहिरो सासाकी दार लावून घ्यायला होताच. हे सगळे आधीपासून संघात होते. हिवाळ्यात त्यांच्याबद्दल घेतलेला निर्णय म्हणजे त्यांना हात न लावणं, आणि बातमीत हा निर्णय कधी येत नाही.

रॉड्रिगेझचं काय झालं? त्याने ५२ होमरन मारले. रेंजर्सनी ७३ सामने जिंकले आणि ते त्याच गटात शेवटचे आले, सिएटलच्या ४३ सामने मागे. तो पहिल्यांदा सिएटलला परतला तेव्हा प्रेक्षकांनी खोट्या नोटा उधळल्या. सगळा राग त्याच्यावर निघाला, पण मला त्यात त्याचा दोष दिसत नाही. देणारा देतो तर घेणारा का सोडेल? चूक हिक्स यांची, आणि तीही दिलेल्या आकड्यात नव्हती. एका जागेवर एवढं खर्चून पिचिंगला काही उरलं नाही, ही चूक. फेब्रुवारी २००४मध्ये त्यांनी त्याला यँकीजकडे पाठवलं, तेही त्याच्या उरलेल्या पगारातले ६ कोटी ७० लाख डॉलर स्वतः भरायचं कबूल करून.

सिएटलची गोष्टही ११६वर संपत नाही. जुलै २००१मध्ये संघ एवढा पुढे होता की गिलिक यांनी मोठी अदलाबदल केली नाही. डाव्या फिल्डवर वर्षभर कुणी एक माणूस ठरलेला नव्हता. आज हा, उद्या तो. सप्टेंबरच्या अखेरीस गिएनला क्षयरोग निघाला. प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडला कसंबसं ३-२ असं हरवलं आणि यँकीजनी पुन्हा एकदा, या वेळी ४-१ असं घरी पाठवलं. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज अ‍ॅरिझोनाने जिंकली. त्यांचा मुख्य पिचर रँडी जॉन्सन.

पुढची दोन्ही वर्षं मरिनर्सनी ९३-९३ सामने जिंकले आणि दोन्ही वर्षं प्लेऑफ हुकलं. संघ तोच, फक्त म्हातारा होत गेलेला. २००४मध्ये ९९ पराभव. त्यानंतर प्लेऑफ दिसलं ते एकदम २०२२मध्ये. २००१चा हिशेब अनुभवी माणसांच्या जोरावर जुळवला होता, आणि खालून वर येणाऱ्या पोरांच्या रांगेकडे क्लबाचं लक्ष कमी पडलं.

डाव्या फिल्डचा प्रश्न मात्र २००२च्या हिवाळ्यात सुटला. पिनिएला यांना घराजवळ, फ्लोरिडातल्या टँपा बेकडे जायचं होतं, आणि त्यांचा करार बाकी होता. सिएटलने मॅनेजर सोडायची किंमत मागितली: रँडी विन नावाचा आउटफिल्डर. सोबत टँपाला एक तरुण इनफिल्डर दिला, अँटोनिओ पेरेझ. ग्रिफीच्या बदल्यात आलेल्या चौघांपैकी तो एक.